वैजूचा उखाणा

"तोंड एकीकडं नि आवाज एकीकडं चाललाय बघा. तेवढं जुळवून द्या," असं म्हणत म्हाताऱ्यानं पिशवीतून आधी व्हिडिओ कॅसेट काढली, मग एक डीव्हीडी काढली आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवल्या. त्याच्या मागं त्याची बायको उभी होती. ती काही बोलत नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. इतकी, की मला वाटलं, सकाळच्या पोह्यांतली कोथिंबीर दाताला लागून राहिलीय की काय.

"डीव्हीडी कुणी केली?" मी विचारलं.

"हाय एक जण स्टँडकडं. त्यो म्हणतोय, कॅसेटच तशी हाय, माझं काय चुकलं न्हाई."

"सगळे तसंच म्हणतात."

इचलकरंजीत तेव्हा घराघरांतून लग्नाच्या जुन्या कॅसेटी बाहेर निघत होत्या. व्हीसीआर बंद पडलेले, कॅसेटींना बुरशी धरायला लागलेली, आणि ज्याला त्याला डीव्हीडी करून पाहिजे. आता तो धंदाही बुडाला, मी ब्लाउजपीस विकते, ते असू दे. पण तेव्हा माझा नवरा भरत शूटिंगला जायचा आणि घराच्या पुढच्या खोलीत मी मिक्सिंग, म्हणजे चित्र-आवाजाची जोडाजोड, करायची. लग्नं, बारशी, वाढदिवस, काहीही आणा. रडणारं गिऱ्हाईक मात्र मला नको असायचं. कुणी गेलेल्या आईचं शूटिंग घेऊन आला, की मी भरतला पुढं करायची आणि आत भाकरी थापायला पळायची. त्या दिवशी भरत जयसिंगपूरला मुंजीला गेला होता, म्हणून मी सापडले.

"कुणाचं लग्न आहे?"

"आमच्या वैजूचं. वैजयंता." म्हाताऱ्यानं कॅसेटवरची नसलेली धूळ पुसली. "एकुलती एक हुती. गेली."

झालं, मी मनात म्हटलं. आणि तरी माझी जीभ कुठं गप्प बसते? "काय झालं होतं?"

"सासरी विहिरीवर पाय घसरला."

आणि तो एकदम तावातावानं बोलायला लागला. "लोकांच्या तोंडाला काय हात लावायचा का? कोण म्हणतंय, उडी घेतली. कोण म्हणतंय, तिच्या मनातच नव्हतं, बापानं बळं दिली. मी म्हणतोय, या माझ्या घरी, बसा, कॅसेट लावतो, बघा! पोरगी सवताच्या तोंडानं नाव घेतीया नवऱ्याचं. जिच्या मनात न्हाई ती असं झोकात नाव घेईल व्हय? सांगा तुमी."

"नाही घेणार," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"पर नेमकं तितंच तोंड हलतंय वायलं आणि आवाज येतोय वायला. बघणारी माणसं एकमेकांकडं बघाय लागत्यात. आणि ही," त्यानं बायकोकडं अंगठा केला, "ही तर पयल्यापास्नं म्हणती, वैजू ह्ये बोलतच न्हाई."

मी बाईकडं वळले. "काकू, आवाज लेकीचाच आहे ना?"

"तिला आवाजाचं काय इचारता? तिला ऐकू येत न्हाई. सगळा जल्म मागाच्या खडखडाटात गेला, कान गेले तिचे. तोंडावरनं वळखती."

तेव्हा कुठं मला कोथिंबिरीचा उलगडा झाला. आमच्या गावात हे नवं नाही. माग चालू असले, की शेडमध्ये कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका नुसते ओठ हलवून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलतात. सासूच्या चहाड्या, कुणाच्या पोरीला बघायला कोण आलं होतं, सगळं. मालक मधून चालत गेला तरी त्याला पत्ता लागत नाही.

"वैजूबी शेडमधी असायची माझ्यासंगं," काकू पहिल्यांदाच बोलल्या, खूप मोठ्यानं आणि एका सुरात. "साळा सुटली की यायची. त्या टोकाला ती, ह्या टोकाला मी. घरीबी आमी तसंच बोलायचो."

"माझ्यासमोर बसून दोघी मला नावं ठेवायच्या," म्हातारा म्हणाला. "आणि मी आपला जेवतोय." तो हसला. चांगला दिलखुलास हसला.

त्या हसण्यानं माझी पंचाईत केली. नाही म्हणवेना.

"मग काकू, ती काय बोलतेय ते तुम्हाला कळत असेल की," मी तोंड नीट उघडून म्हटलं.

"चित्र लई खराब हाय. पटकन जातं. ह्ये नाव न्हाई एवढं कळतंय. काय हाय ते कळत न्हाई." मग त्या माझ्या जवळ आल्या. "मला तिचं बोलणं बघायचं हाय, बाई. एकदा. हे तिचा आवाज ऐकून रडत्यात. मी काय करू?"

मी कॅसेट ठेवून घेतली. दिवटे त्यांचं आडनाव. दिवटेकाका एका शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. जाताना दारातून परत वळून त्यांनी मला तो उखाणा म्हणून दाखवला, चपला घालता घालता थांबून, शाळेतल्या पोरासारखं ताठ उभं राहून:

"ताण्यात बाणा, धोट्यात धागा, उदयरावांच्या मनात माझी जागा!"

"तिनं सवता रचला हुता," ते म्हणाले.

काम तसं अवघड नव्हतं, किचकट होतं. कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना चित्राच्या फ्रेमा मधूनमधून गळतात. आवाज गळत नाही. त्यामुळं चित्र आखडत पुढं पळतं आणि आवाज मागं रेंगाळतो. सुरुवातीला कळतही नाही. लग्न लागेपर्यंत मंगलाष्टकं म्हणणाऱ्याचं तोंड मिटलेलं आणि गाणं आपलं चालूच. स्टँडकडच्या त्या शहाण्यानं हेच करून ठेवलं होतं. मी त्याची डीव्हीडी बाजूला टाकली आणि मूळ कॅसेट पहिल्यापासून घ्यायला बसले. तेव्हा भारनियमन चालू होतं. निम्मी कॅसेट झाली की वीज जायची, की परत पहिल्यापासून. मी वीज मंडळाचा जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

एकदाची कॅसेट उतरली. आता आवाज जुळवायला खूण लागते. ज्याचा दणका दिसतोही आणि ऐकूही येतो, असं काहीतरी. मला पायरीवर फोडलेला नारळ सापडला आणि शेवटी पंगतीत एका पोराच्या हातून पडलेला तांब्या सापडला. नारळावर नारळ बसवला, तांब्यावर तांब्या बसवला, मधला आवाज तेवढा आखडून घेतला. सगळं लग्न कसं लख्ख जुळलं. भटजी, बँडवाला, हसणाऱ्या करवल्या, सगळे आपापल्या तोंडानं बोलायला लागले. मी खूश! भरतला हाक मारून दाखवलं.

आणि उखाणा आला. तोंड एकीकडं, आवाज एकीकडं.

मी आवाज थोडा पुढं घेतला. नाही. मागं घेतला. नाही. 'धागा' म्हणताना तोंड उघडतं, 'जागा' म्हणताना उघडतं, इथं तर ओठ मिटून, उघडून परत मिटत होते. त्याच्या आधीच्या चित्रातल्या बाईचं हसणं जुळतंय, नंतरच्या चित्रातल्या आजीचा खोकला जुळतोय, आणि मधेच ही पोरगी भलतंच बोलतेय. मी इतकी वैतागले, की चहासुद्धा गार झाला.

"अगं, गळा बघ की तिचा," भरत मागून म्हणाला.

गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. आधीच्या चित्रात होतं, नंतरच्यात होतं, आणि नवऱ्याचं नाव घेताना नव्हतं.

मग दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला, कारण हे आम्ही सगळेच मिक्सिंगवाले करायचो. नाव घ्यायच्या वेळी नवरीभोवती बायकांचा हा गराडा पडतो. कुणाचा तरी पदर नाहीतर पाठ कॅमेऱ्यासमोर येते. आवाज चांगला मिळतो, चित्र वाया जातं. मग नवरीचं तोंड हलतंय असा दुसरा कुठला तरी तुकडा शोधायचा आणि त्या आवाजावर चिकटवायचा. तोंड हलतंय ना, मग झालं! बघणारी माणसं दागिने बघतात, जरीचे काठ बघतात. ओठ कोण वाचत बसतंय? असं आम्ही समजायचो. या लग्नाचं काम कुठल्या तरी फिरत्या फोटोग्राफरनं केलेलं. त्याचा आता पत्ता नव्हता, आणि मूळ शूटिंगवर त्यानं केव्हाच दुसरी लग्नं चढवली असणार. तेही आम्ही सगळे करायचो.

"म्हणजे हा तुकडा लग्न लागायच्या आधीचा," मी म्हटलं. "काय बोलत असेल रे?"

"काही का बोलेना. त्या जागी एक गुलाबाचं फूल फिरव गोल गोल. आवाज राहू दे. म्हातारा खूश."

"आणि म्हातारी?"

मी गुलाब लावून बघितला. छान दिसत होता. मग काढून टाकला.

दोघं आली ती नवे कपडे घालून आली. काकूंनी डोक्यात अबोलीचा गजरा घातला होता. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या मांडल्या आणि मी डीव्हीडी लावली. काका मांडीवर थापा मारत होते. "आगं, जुळलं की! त्यो बघ, तुझा भाऊ शिंकला, बरोब्बर शिंकला!" मी आपली नखं कुरतडत बसले होते. उखाणा जवळ यायला लागला तसं मी थांबवलं.

"काका, इथं एक घोटाळा आहे."

आणि सांगितलं. पदर, पाठ, चिकटवलेला तुकडा, गळ्यातलं मंगळसूत्र, सगळं. काकू माझ्या ओठांवरून सगळं घेत होत्या. काकांचा चेहरा बघवेना.

"म्हणजे ती नाव घेत न्हाई?"

"घेतेय, काका. आवाज तिचाच आहे. फक्त चित्र वेगळ्या वेळचं आहे."

"मग चित्रात काय बोलती?" त्यांचा आवाज चढला. "लग्नाआदी काय बोलती ती? आं? सांगा की! लोक म्हणतात तसं म्हणती काय? मला नगं म्हणती?"

"मला कसं कळणार, काका?"

आम्ही दोघंही काकूंकडं बघायला लागलो.

मी आवाज बंद केला. चित्र जरा उजळ केलं, हळू केलं आणि अख्ख्या पडद्यावर मोठं करून लावलं. वैजू खुर्चीवर बसलेली. मुंडावळ्या, हिरवा चुडा, नाकात नथ. गर्दीतून कुठंतरी बाजूला बघत होती आणि बोलत होती. गोरीघारी नव्हती, पण काय गोड पोरगी होती हो! काकू पुढं झुकल्या. पाहून झालं, की बोटानं खूण करायच्या, परत लाव. मी परत लावायची. काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता आणि ते पडद्याकडं बघतच नव्हते, बायकोकडं बघत होते.

शेवटी काकू मागं टेकल्या.

"नावच घेतीया," त्या म्हणाल्या.

"खरं?"

"पाठ करतीया. खुर्चीवर बसून नाव पाठ करतीया. ताण्यात बाणा, धोट्यात धागा. मदी विसरली, परत पयल्यापास्नं म्हणती. म्हणून जुळत नव्हतं."

काका उठून उभे राहिले. खाली बसले. परत उठले. "आगं म्हंजे... लग्न लागायच्या आदीच? आदीपास्नंच पाठ?" त्यांनी दोन्ही तळव्यांनी डोळे दाबून धरले आणि हमसून हमसून रडायला लागले, आणि रडता रडता हसत होते. "ऐकलं का वो बाई? पोरीला किती हौस! आता या म्हणावं, काय बोलायचं ते बोला! आता या!"

मलाही रडू आलं. खोटं कशाला बोलू? मी पदराला नाक पुसलं आणि मनात म्हटलं, बघ भरत्या, गुलाब लावला असता तर?

"मी पेढं आणतो," काका म्हणाले. "तुमी न्हाई म्हणू नका. बस तू, आलोच." आणि चपला उलट्यासुलट्या घालून गेलेसुद्धा.

मी डीव्हीडी काढायला हात पुढं केला, तर काकूंनी माझं मनगट धरलं.

"परत लावा."

"किती वेळा बघाल, काकू? घरी नेताय की."

"घरात टीव्हीवर एवढं दिसत न्हाई. कडंचं कापून जातं."

ते खरं होतं. टीव्ही चित्राच्या कडा खातो, कॉम्प्युटरवर त्या पूर्ण दिसतात. पण कडेला बघण्यासारखं काय आहे, असा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी तर पोरीच्या तोंडातच अडकून पडले होते. मी परत लावलं. काकू उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि अगदी डाव्या कडेला बोट टेकवलं. तिथं एका बाईची पाठ होती. हिरवं लुगडं, अंबाड्यात गजरा. वाकून ताटांत काहीतरी मांडत होती.

"ही मी," काकू म्हणाल्या. "रुखवत मांडत हुतो."

माझा हात माऊसवरच राहिला.

"काकू, ती पाठ करत नव्हती?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग काय म्हणते?"

"आई म्हणती. आई, हिकडं बघ. आई, बघ की. आई, मला बोलायचं हाय, बघ की." काकूंचा तो मोठा, एका सुरातला आवाज तेवढ्यापुरता इतका बारीक झाला, की शेजारच्या घरातला रेडिओ मला ऐकू यायला लागला. "एवढ्या गर्दीत, एवढ्या बँडात तिला आणि कसं सांगता येणार हुतं? शेडमधी बोलायची तशीच बोलती. मी बघीन म्हणून बोलती. आणि मी लाडू मांडतोय. एकावर एक मांडतोय. पडाय नगं म्हणून."

"काही तरी साधंच सांगायचं असेल, काकू. पाणी पाहिजे असेल. चुडा टोचत असेल."

"असंल."

"काकांना का नाही..."

"त्ये गप्प झोपतील आज," त्या म्हणाल्या. "त्यांनीच ठरवलं हुतं ते स्थळ. लोकांची तोंडं त्यांना ऐकू येत्यात. मला येत न्हाईत."

पडद्यावर वैजूनं तोंड मिटलं. अजून थोडा वेळ ती तशीच कडेच्या त्या पाठीकडं बघत राहिली, मग कुणीतरी हाक मारली असावी, ती सरळ झाली आणि तुकडा संपला. काकूंनी बोट काढलं नव्हतं. त्या त्यांच्याच पाठीवरून बोट फिरवत होत्या, धूळ झटकावी तसं. बाहेर रस्त्यावरून काकांचा आवाज आला, कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, "जुळलं, जुळलं!"

काकू घाईनं माझ्याकडं वळल्या.

"बाई, तुमी आवाज मागं-पुढं करता, चित्र हळू करता, मोठं करता. सगळं येतंय तुमाला."

"हं."

"मग हितं तेवढी माझी मान फिरवता येती का? लई न्हाई. जरा हिकडं. पोरीला दिसंल एवढीच."

त्या माझ्या ओठांकडं बघत होत्या. मी 'नाही' म्हटलं. घशातून आवाज काही निघाला नाही. त्यांना तो लागत नव्हता.